कुलपात टिकणारी बॅटरी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अकोल्यास वकिली करीत आणि मी अमरावतीच्या एका हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत असे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. उन्हाळ्याच्या सुटीतले काही दिवस मी दरसाल ताईकडे घालवी. त्या वर्षी स्टेशनावर उतरलो, तेव्हा मला न्यायला नेहमीची मोटार आली नव्हती. टांगा आला होता, आणि टांग्यात भाऊजी स्वतः बसले होते.

"मोटार कुठे आहे?" मी विचारले.

"घरी. उभ्या उभ्या मेली," भाऊजी म्हणाले. "तुम्ही सायन्सवाले ना, मास्तर? मग सांगा, उभी गाडी वीज कशी खाते?"

प्रश्न मला फार आवडला. मोटारीची बॅटरी म्हणजे विजेची साठवण. गाडी धावते तेव्हा इंजिनाला जोडलेला डायनॅमो ती भरतो. दिवे, भोंगा आणि इंजिन सुरू करणारा सेल्फ ती उपसतात. गाडी उभी असेल आणि सर्व बटणे बंद असतील, तर भरणारेही कोणी नाही आणि उपसणारेही नाही. साठा जिथल्या तिथे राहावा. दोनचार दिवसांत तो संपत असेल, तर कोठे तरी वाट फुटलेली आहे. ही वाट शोधणे म्हणजे माझ्या मते सुटीचा उत्तम उपयोग होता.

भाऊजींना मात्र वाट आधीच सापडलेली होती. उन्हाळ्यात दिवाणी कोर्टे बंद, त्यामुळे गाडी चारचार दिवस उभी राही. नंतर कुठे जायचे म्हटले की सेल्फ नुसता कण्हे. हॅन्डल मारूनही उपयोग नसे, कारण इंजिनातली ठिणगीसुद्धा त्याच बॅटरीतून यायची. मूर्तिजापूरला एका अशिलाकडचे लग्न होते, तेव्हा भाऊजी रेशमी उपरणे घालून गाडीत बसले आणि तसेच उतरले. बॅटरी चार्जिंगवाल्याकडे नेऊन पुन्हा भरून आणली. पुन्हा तोच प्रकार.

"दिवस लग्नसराईचे आहेत," टांग्यात भाऊजी म्हणाले. "वरातीला विजेचे दिवे लावायची नवी टूम निघाली आहे. त्याला बॅटरी लागते. आमचा ड्रायव्हर रात्री बॅटरी काढून भाड्याने देतो आणि उजाडायच्या आत परत आणून बसवतो."

"कोणी पाहिले?"

"शेजारच्या मुनीमजींनी. पहाटे हा गाडीपाशी असतो, बॅटरीची पेटी उघडतो, मिटतो. हातात गोणपाट असते. एवढी जड वस्तू कशात गुंडाळून नेणार? गोणपाटात! परवा मी भर गल्लीत मुनीमजींच्या देखत त्याला विचारलं, बॅटरी कुठे नेतोस? म्हणतो, कुठंच नाई नेत. मी दुसरा माणूस पाहून ठेवला आहे. दहा दिवसांनी, सोमवारी, याला रजा."

हा ड्रायव्हर पंचविशीतला तरुण होता. मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा करणाऱ्या माळी कुटुंबातला. त्याची आई रोज सकाळी ताईच्या दारात टोपली उतरवी आणि त्यातून पुढे मुलाची या घरी चाकरी लागली होती. मी पोचलो त्याच दिवशी ती माऊली ओट्याखाली टोपली ठेवून उभी राहिली, पण भाजी काढीना.

"बाई," ती ताईला म्हणाली, "मुनीमजी साऱ्या गल्लीत सांगून राहिले का माह्या पोरानं बॅटरी चोरली म्हनून. कामावून काढा, आमी काई म्हनत नाई. पन चोर म्हनून काढलं तं अकोल्यात याच्या हाती चाक कोन देईन जी? लेकरानं मोठ्या हौसेनं शिकलं ते."

ताईने माझ्याकडे पाहिले. तेवढ्यावरून मी समजलो की माझी सुटी आता माझी राहिलेली नाही.

शोधाचा माझा नियम वर्गात सांगत असे तोच होता: संशयितांची यादी करावी आणि एकेकाला वेगळे काढून पाहावे. शाळेच्या प्रयोगशाळेतले एक जुने गॅल्व्हॅनोमीटर मी नुकतेच दुरुस्त करून बरोबर आणले होते. हे नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे. एक डबी, आत चुंबकाशी खेळणारी नाजूक सुई. तारेतून किंचित वीज गेली तरी सुई जागची हलते.

दुसऱ्या दिवशी भरलेली बॅटरी परत आली. तिची जागा या गाडीत बाहेर होती. बाजूच्या पायदानावर झाकणाची एक लोखंडी पेटी होती, त्यात ती बसे. ड्रायव्हरने झाकण उघडले, आतले गोणपाट काढून बाजूला टाकले, बॅटरीची दोन्ही शिशाची टोके फडक्याने लख्ख पुसली आणि तो अदबीने मागे सरला. मी एका टोकाची तार सोडवून तिच्या वाटेत गॅल्व्हॅनोमीटर जोडले. आता गाडीत कोठेही वीज पाझरत असेल तर ती या सुईसमोरूनच जाणार होती.

सुई स्वस्थ. दिवा लावला तेव्हा ती डबीच्या कडेला आदळली, दिवा मालवला तशी पुन्हा जागेवर आली. म्हणजे उपकरण ठीक होते आणि तारा निर्दोष होत्या. तरीही खात्रीसाठी मी दोन्ही तारा बॅटरीपासून सोडवून ठेवल्या. ड्रायव्हरला म्हणालो, "तारा जोडायच्या नाहीत. बाकी सगळं नेहमीसारखं राहू दे."

"बरं जी."

तीन दिवसांनी तारा जोडल्या. सेल्फ कण्हला आणि गप्प झाला.

मी चकित झालो, पण मनातून आनंदलोही. तारा सोडवलेल्या असताना वीज गेली! म्हणजे दोष गाडीत नव्हता. मग तो बॅटरीच्याच पोटात असावा. आतल्या पत्र्या झिजल्या की बॅटरी आपल्या आपण रिकामी होते. भाऊजींना मी हे समजावून सांगितले, तर त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"चैत्रात मी कामासाठी अमरावतीला आलो होतो, तेव्हा गाडी कुठे होती?"

"माझ्याच अंगणात."

"किती दिवस हलली नाही?"

"आठवडाभर तरी."

"आणि निघताना?"

"एका झटक्यात सुरू झाली," मी कबूल केले.

"हीच बॅटरी. हाच ड्रायव्हर. अमरावतीत याच्या ओळखीचे कोणी नाही, म्हणून तिथे बॅटरी टिकते. अकोल्यात ओळखीचे आहेत, म्हणून टिकत नाही. मास्तर, तुमची बॅटरी गाव पाहून झिजते काय?"

युक्तिवाद बिनतोड होता. मला एक प्रयोग मात्र सुचला आणि तो मी उत्साहाने मांडला. बॅटरी पुन्हा भरून आणावी, पेटीला कुलूप घालावे, किल्ली भाऊजींपाशी असावी. बॅटरी आपोआप मरत असेल तर कुलपातही मरेल. भाऊजींना प्रयोग पसंत पडला. त्यांनी कुलपावर सुताचा वेढा देऊन लाखेचा ठसाही उमटवला आणि पेटीतले गोणपाट पुरावा म्हणून आपल्या कचेरीच्या खोलीत खुंटीला टांगले.

ड्रायव्हर हे सर्व पाहत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असे भाजत होते की पायदानाला हात लागत नव्हता. तो भाऊजींसमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, थोडा वेळ किल्ली द्या जी."

"काहून?" भाऊजी चिडले की वऱ्हाडीवर येत.

"पेटी उघडाची होती. असं कोंडून ठेवलं तं उन्हानं मरन ते."

"मरू दे. तू नको काळजी करू."

संध्याकाळी त्याने पुन्हा किल्ली मागितली. भाऊजींनी माझ्याकडे असे पाहिले की त्यांना बोलायची गरज उरली नाही. मलाही ते मागणे विचित्र वाटले.

रविवारी सकाळी भाऊजींनी लाख तपासली, कुलूप उघडले आणि स्वतः गाडीत बसून सेल्फ दाबला. इंजिन पहिल्याच झटक्याला गर्जले. गल्लीतली दोनतीन दारे उघडली. शेजारचे मुनीमजी कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनाचे हिशेब ठेवीत आणि उन्हाळ्यात जिन बंद असल्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता; ते ओट्यावरूनच ओरडले, "कुलपानं चोर धरला का नाई, वकीलसाहेब? म्या म्हटलं होतं ना!"

ड्रायव्हर फाटकापाशी उभा होता. त्याचा चेहरा मला पाहवेना. त्याला वाचवण्यासाठी रचलेल्या प्रयोगानेच त्याला दोषी ठरवले होते आणि प्रयोगात मला कुठेही खोट दिसत नव्हती. उघड्या पेटीत बॅटरी मरते, बंद पेटीत जगते.

मी न्हाणीघरात गेलो ते मुख्यतः एकटे बसता यावे म्हणून. त्या कुलपाने नेमके काय काय अडवले, असे मी स्वतःला विचारले. बॅटरीला बाहेर जाऊ दिले नाही, हे खरे. पण कुलूप दुहेरी काम करते. त्याने माणसालाही आत जाऊ दिले नाही. बॅटरी बाहेर जात होती की नाही याचाच विचार आम्ही केला. तो पेटी उघडून आत काय करत होता, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. भाऊजींनी विचारले ते एवढेच, की बॅटरी कुठे नेतोस. त्याचे उत्तर त्याने दिले होते.

मी तसाच बाहेर येऊन फाटकापाशी ड्रायव्हरला गाठले.

"पहाटे पेटी उघडून काय करत होतास?"

"पानी मारत होतो जी."

"कशाला पाणी?"

"गोनपाटाले. अकोल्याचं ऊन तुमाले ठाव नाई काय मास्तर? माठाले नाई का आपन ओलं गोनपाट गुंडायत? तसं बॅटरीवर ओलं गोनपाट घालून ठेवतो, म्हनजे थंडी राहते. सकाई पानी मारतो, दुपारी मारतो, पुन्हा निजाच्या वक्ती. साहेब बोलाले लागले तवापासून तं जास्तच मारून राहिलो. म्हटलं, उन्हानंच मरत असन बिचारी."

"मी तपासायला आलो तेव्हा ते गोणपाट घातलेलं नव्हतं."

"तुमच्यासमोर ओलं घान गोनपाट कसं ठेवाव जी? तुमी आले का काढून ठेवो, तुमी गेले का घालो."

म्हणजे माझ्या प्रत्येक तपासणीच्या आधी तो मोठ्या अदबीने तपासायची वस्तूच दूर करत होता. मला हसू आले, पण लगेच एक अडचण आठवली. अमरावतीत याने गोणपाट घातले नव्हते काय?

"घातलं होतं ना. तिथंबी ऊन होतंच. तुमच्या आंगनातल्या विहिरीचं पानी मारो."

मी पुन्हा अडलो. तेच गोणपाट, तेच पाणी मारणे, आणि परिणाम वेगळा. विचार करीत हात धुवायला घंगाळापाशी बसलो, साबण घासला, आणि फेस येईना. तो कधीच येत नसे. अकोल्याच्या त्या भागातल्या विहिरी खाऱ्या. ताईच्या स्वयंपाकघरात दोन पाणी वेगवेगळे असत: लांबच्या विहिरीचे गोडे पाणी कावडीने येई, ते पिण्याला आणि डाळ शिजवायला, आणि परसातल्या विहिरीचे खारे, ते धुण्याभांड्यांना. बाहेरून आलेला पाहुणा हे दोन दिवसांत शिकतो, आणि मी इतक्या वर्षांचा पाहुणा असूनही माझ्या यादीत 'पाणी' हा एकच शब्द होता.

"आणि इथे कोणतं पाणी मारतोस?" मी परत येऊन ड्रायव्हरला विचारले.

"खारंच. गोडं पानी गाडीले देलं तं बाई मले घरात घेईन काय?" तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा किंचित हसला.

मी ताईकडून दोन तांबे मागून घेतले. एकात गोडे पाणी, एकात खारे. भाऊजींना ओट्यावर बोलावले. माझ्या टॉर्चमधला एक सेल, गॅल्व्हॅनोमीटर आणि दोन मोकळी टोके अशी मांडणी केली. ती टोके गोड्या पाण्यात सोडली तेव्हा सुई जेमतेम थरथरली. खाऱ्या पाण्यात सोडताच ती कडेपर्यंत गेली.

"वीज पाण्यातून जाते ती मुख्यतः त्यात विरघळलेल्या क्षारांच्या जोरावर," मी सांगितले. "आता पुराव्याचे गोणपाट आणा."

खुंटीवर ते कडकडीत वाळले होते. टोके लावली, सुई हलली नाही. त्यावर खाऱ्या पाण्याचा तांब्या रिता केला आणि पुन्हा टोके लावली. सुई कडेला गेली.

"हे ओले गोणपाट बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पसरलेले असे," मी म्हणालो. "एका टोकाकडून दुसऱ्याकडे वीज रात्रंदिवस त्यातूनच पाझरे. तारा सोडवल्या तरी ही वाट तशीच राही. अमरावतीत माझ्या विहिरीच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन निघाले आणि वाट जवळपास बुजली. कुलूप लागले तेव्हा तर गोणपाटच तुमच्या खुंटीवर गेले. बॅटरी कोणी नेली नाही, भाऊजी. तिची फार काळजी घेतली गेली."

भाऊजी वकील असले तरी पुरावा मानणारे होते. त्यांनी स्वतः टोके धरून गोडे, खारे, वाळलेले, ओले असे सर्व पुन्हा करून पाहिले. मग ड्रायव्हरकडे न पाहता म्हणाले, "उद्याच्या माणसाला मी नको म्हणून कळवतो. तू राहा. गोणपाट मात्र बंद."

मला वाटले, संपले. पण ड्रायव्हर जागचा हलला नाही.

"राहतो साहेब. पन एक हाये."

"काय?"

"तुमी मले इथं आंगनात सोडलं. बोलले तं गल्लीत होते."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. कोर्टात ते तासभर बोलू शकत. इथे ते कुलपाची किल्ली हातात फिरवू लागले. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "बरोबरच म्हणतो तो. मास्तर, तुझी ती डबी बाहेर ने."

आम्ही फाटकाबाहेर एक तिवई मांडली. एवढे पुरेसे होते. मांडलेल्या तिवईपाशी माणसे जमवण्यासाठी आमच्याकडे हाक मारावी लागत नाही. भाऊजींनी घसा साफ केला.

"माझ्या ड्रायव्हरवर मी चोरीचा संशय घेतला होता. तो खोटा ठरला. बॅटरी याने कुठेही नेली नाही. ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी हेही ऐकावं."

"म्हणजे म्या खोटं सांगतलं?" मुनीमजी पुढे आले. "म्या माह्या डोयानं पाह्यलं! पेटी उघडे का नाई हा? गोनपाट होतं का नाई?"

"पाहिलंत ते सगळं खरं होतं," भाऊजी म्हणाले. "तुम्ही त्याच्या पुढचंही सांगितलंत. मी ते मान्य केलं. दोघांचं चुकलं."

मुनीमजींनी तोंड फिरवले, पण गेले नाहीत, कारण तोवर मी सुईचा प्रयोग सुरू केला होता. पहिल्यांदा सुई कडेला गेली तेव्हा सगळी गल्ली एकदम पुढे सरकली. समोरच्या गृहस्थांनी आपल्या घरच्या विहिरीचे पाणी आणले. मग आणखी कोणी आणले. कोणाची विहीर किती खारी हा वाद त्या गल्लीत जुना होता आणि त्याचा निकाल देणारी सुई आता सापडली होती. मी टोके ड्रायव्हरच्या हाती दिली, कारण समजावून सांगणे आणि पाणी तपासणे मला एकाच वेळी जमेना. तो प्रत्येक तांब्यात टोके सोडी, प्रत्येक वेळी आधी ती कोरडी पुसून घेई आणि सुई कुठवर गेली ते मोठ्याने सांगे. त्याची आई टोपली घेऊन आली, तशीच कडेला उभी राहून पाहू लागली. त्या दिवशी भाजीला उशीर झाला.

शेवटी मुनीमजी घरात जाऊन आपला तांब्या घेऊन आले आणि त्यांनी तो काही न बोलता तिवईवर ठेवला.

ड्रायव्हरने टोके पुसली, पण पाण्यात सोडली नाहीत.

"मुनीमजी, हे पानी कोनतं? विहिरीचं का कावडीचं?"

"सुई सांगन ना. तुले काहून सांगू?"

"नाई जी," तो म्हणाला, "पह्यले मानसाले इचारतो. मंग सुईले."

लोक हसले. मुनीमजींनी एकदा त्याच्या आईकडे पाहिले, एकदा तांब्याकडे.

"विहिरीचं हाये, बापा," ते म्हणाले. "पाह्य आता."